तांड्याच्या वॉलची चावी

मी चावी बोलतेय. कुलपाची नव्हे हो, पाण्याची. कुलपाची चावी माणूस कमरेला अडकवतो, मला खांद्यावर घ्यावं लागतं. साडेचार फुटांचा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्याच्या कडेला खड्ड्यात पाण्याच्या पाइपाचा वॉल असतो. त्याच्या डोक्यावर माझं तोंड बसवायचं आणि मूठ धरून फिरवायचं, एवढंच माझं काम. शिकलेली माणसं व्हॉल्व्ह म्हणतात. आमच्या कोंडगव्हाणात वॉलच म्हणतात, आणि तो फिरवणाऱ्याला वॉलमन.

जरा भरभर बोलते, राग मानू नका. सहाला मला काम असतं आणि आता पावणेसहा झालेत. तशीही मी काही स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. आज तर जीव नुसता टांगणीला लागलाय. का ते शेवटी सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

माझा जन्म शेलूबाजारच्या लोहाराकडचा. लोखंड मात्र आमच्याच गावच्या एका मोडक्या बैलगाडीच्या आसाचं. आसाचं नशीब कसं, दोन्ही बाजूंची चाकं फिरणार आणि हा मधे गप्प पडून राहणार. जन्मभर दुसऱ्यांना फिरताना बघितलं, म्हणून मला फिरायची एवढी हौस असावी.

एकोणीस वर्षांपूर्वी गावात नळयोजना आली आणि देवमन वॉलमन झाला. ठेकेदारानं त्याला एक चावी दिली होती, पण ती पंधरा दिवसांत पिळून निघाली. मग देवमननं तो आस खांद्यावर घेतला आणि जीप धरली. जीपवाला कुरकुरला, "हे लोखंड माह्या शिटा फाडन बापा." देवमननं आस मांडीवर आडवा घेतला आणि शेलूबाजारपर्यंत तसाच बसून राहिला. लोहाराला म्हणाला, "अशी कर का माह्या हातानं वाकली नाई पायजे." लोहारानं तीन तास ठोकून मला घडवलं, लालबुंद असताना पाण्यात बुडवलं. केवढी किंचाळले मी! तिथून माझं आणि पाण्याचं जमलं ते जमलंच.

आता जरा जागा समजून घ्या. कोंडगव्हाण गाव खाली सपाटीला आहे. नाल्यापलीकडच्या टेकाडावर तांडा, बंजारा लोकांची बत्तीस घरं. दोन्हींच्या वर माळावर पाण्याची टाकी. टाकीतून दोन पाइप निघतात, एक गावाचा आणि एक तांड्याचा. प्रत्येकावर एक वॉल. तांड्याचा वॉल थोडा उघडा ठेवला की तिथल्या टाक्यात दिवसभर हळूहळू पाणी चढायचं.

नळ यायच्या आधी तांड्याच्या बाया नाल्याच्या कपारीतल्या झिऱ्यावर जायच्या. खाली उतरायला दगड आहेत, पण शेवाळानं बुळबुळीत झालेले. कमलीबाईचा गुडघा तिथंच मोडला. तेव्हापासून ती पाय ओढत चालते, पण तोंड मात्र कधी ओढत चालत नाही. तांड्याचा नळ म्हणजे तिचा जीव की प्राण.

तर मी आल्यावर तांड्याला पहिल्यांदा पाणी सोडलं, त्याच दिवशी घोळ झाला. वॉल कसा असतो, डावीकडे फिरवला की उघडतो, उजवीकडे फिरवला की मिटतो. गावाचा वॉल तसाच होता. देवमननं तांड्याचाही डावीकडे फिरवला, कपाळ पुसलं आणि घरी जाऊन जेवायला बसला. तासाभरानं कमलीबाई दारात हजर.

"देवमनभाऊ, नळातून नुसतं सूं सूं करून राह्यलं. पानी कुठी हाय?"

देवमन मला घेऊन धावला. खूप खटपट केली, डावीकडे आणखी पिळलं, काही नाही. शेवटी वैतागून उजवीकडे फिरवलं, तर पाइपात पाणी घुरघुरलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, हा वॉल उलट्या आट्याचा आहे. ठेकेदारानं कुठल्या तरी दुसऱ्या मालातला उचलून बसवला होता. देवमननं त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पानी जाते ना? मंग झालं." कागदावर मात्र तो साधा वॉल म्हणूनच चढला. कागदाला कोण हलवून बघतो?

देवमन ही गंमत गावाला सांगणारच होता. पण मधे दौलतरावाची कोथिंबीर आली.

दौलतराव माळी. घरामागे वांगी, मेथी, कोथिंबीर लावायचा आणि मानोऱ्याच्या बाजारात नेऊन विकायचा. माणूस मनानं वाईट नाही, पण कोथिंबिरीनं मान टाकली की त्याचीही मती फिरते. त्याला वाटायचं, तांड्याकडे जाणारं पाणी अडवलं की आपल्या नळाला जोर येईल.

चैत्रातली भर दुपार होती. सगळं गाव डुलक्या घेत होतं. देवमन पळसाखाली टेकला होता आणि मी त्याच्या मांडीवर. बघतो तर दौलतराव डोक्याच्या उपरण्यात पाइपाचा पान्हा लपवून तांड्याच्या वॉलकडे चाललेला! देवमन ओरडायला उठला आणि उठता उठता थांबला. दौलतराव वॉल बंद करायला म्हणून उजवीकडे पिळत होता. दात खाऊन, घाम गाळून, पार घट्ट होईपर्यंत.

देवमननं तोंडावर हात दाबून घेतला. हसून हसून माझा दांडा हलायला लागला.

त्या संध्याकाळी तांड्याचं टाकं भरून वाहिलं. बकऱ्यासुद्धा पोटभर प्यायल्या. इकडे पारावर दौलतराव डोकं खाजवत बसलेला. "काहून बुवा, आज तं पानी आनखीनच कमी आलं?"

"पाइपात हवा धरली असन," देवमन म्हणाला.

तेव्हापासून त्यानं जिभेला गाठ मारली. दर उन्हाळ्यात दौलतराव चारपाच वेळा तरी तांड्याचं पाणी 'बंद' करायचा आणि तांडा पोटभर पाणी प्यायचा. संध्याकाळी देवमन मला घेऊन जायचा आणि वॉल पुन्हा नऊ आट्यांवर आणून ठेवायचा. चौदा आट्यांचा तो वॉल. नऊ उघडे ठेवले की गावालाही पुरे, तांड्यालाही पुरे. हे नऊ आटे कुठल्याच कागदावर नव्हते. ते देवमनच्या मनगटात होते आणि माझ्या तोंडात होते.

तांड्यालाही त्यानं कधी सांगितलं नाही. कमलीबाईला वाटायचं, देवमनभाऊची आपल्यावर मर्जी आहे. सणासुदीला त्याच्या घरी डबा पाठवायची. देवमन डबा उघडायचा आणि मिशीत हसायचा. खरं सांगते, तेव्हा मलाही फार अभिमान वाटायचा. आपल्या दोघांच्या भरवशावर बत्तीस घरं पाणी पितात, ही काय साधी गोष्ट आहे? पण अशा भरवशाचं काय होतं ते पुढे ऐका.

यंदा माघात गावात जीप आली. देशभरचं पाणी एका हाताखाली आणायचं ठरलं होतं, त्याकरता निगम काढला होता. राष्ट्रीय जलसेवा निगम. गावोगावच्या योजना, टाक्या, पाइप, वॉल, सगळं आता निगमचं. मारुतीच्या पारावर सभा भरली.

जीपमधून उतरल्या सुप्रियाताई. निगमच्या अभियंता, वय तिशीच्या आसपास, चालणं झपाझप, बोलणं त्याहून झपाझप. त्या म्हणाल्या, "आजपर्यंत गावाचं पाणी कोणाच्या तरी मर्जीवर चालत होतं. कोण ओळखीचा, कोण शेजारचा. आता तसं नाही. मोठ्या शहरातला नळ आणि तांड्यातला नळ, दोघांचा हक्क सारखा. तो लिहिलेला असेल."

मला बाई आवडली. मर्जी शब्दावर देवमनचं बोट माझ्या मुठीवर आखडलं ते मात्र मला जाणवलं.

एक म्हातारबा मागून ओरडले, "निगम दिल्लीले, नळ इथं! बिघडला तं बटन कोन दाबन?" लोक हसले. ताईही हसल्या. मग त्यांनी यादी काढली आणि एकेक वॉल वाचायला लागल्या.

"वॉल क्रमांक दोन. तांडा. साधा. बरोबर आहे ना, काका?"

देवमन उभा राहिला. पुढच्याच ओळीत दौलतराव तंबाखू मळत बसला होता. खरं सांगितलं तर उद्या दुपारी दौलतराव पान्हा डावीकडे फिरवणार, एवढं तर देवमनला कळत होतंच. त्याच्या तळव्याला घाम सुटला. माझी मूठ ओली झाली.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

"काही वेगळं, सांगण्यासारखं?"

"काई नाई."

अहो, मी लोखंडाची! तोंड आहे पण त्याला जीभ नाही. तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं, पण करते काय?

त्यानं नंतर ताईंना एकटं गाठायचं ठरवलं होतं. तेवढ्यात सत्कार सुरू झाला. निगमची माणसं येणार म्हणून देवमनला कायमची रजा. शाल, टोपी, नारळ, टाळ्या, सगळं रीतसर झालं. नारळ हातात पडेपर्यंत ताई जीपमध्ये बसल्या होत्या, त्यांच्या मागे अशी तेवीस गावं होती. एका माणसानं देवमनच्या खांद्यावरून मला उतरवलं, मुठीला नंबराची चिठ्ठी बांधली आणि जीपमध्ये मागे टाकलं. मी गावाकडे बघत राहिले. देवमन शाल पांघरून उभा होता आणि त्याचा रिकामा खांदा उगाच हलत होता.

तो रुसला. म्हातारी माणसं रुसली की लेकीच्या गावी जातात, तसा तोही आवराआवर करून चैत्राच्या तोंडाशी किन्हीराजाला लेकीकडे गेला. लिस्ट विचारली, पण एकदा संगं चाल, कसं काय करतं दाखव, असं कोणी म्हटलं नाही, हे त्याच्या मनाला लागलं होतं. अडलं तर येतील बोलवायला, असं त्याला वाटत होतं. निघेपर्यंत तांड्याचा वॉल नऊ आट्यांवरच होता, निगमनं अजून हात लावला नव्हता. त्यामुळे पुढं काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पनाच नव्हती.

मी मानोऱ्याला, निगमच्या कचेरीत. भांडाराच्या खोलीत मोडके मीटर आणि तुटके नळ यांच्यासोबत पोत्यात कोंबलेली. पलीकडे कचेरीचा काउंटर, मधे एक जाळीची खिडकी. बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. असं ऐकत पडून राहण्यापेक्षा वितळवलं असतं तर बरं, असं मला रोज वाटायचं.

पाडव्यानंतर तांड्याची माणसं ऊसतोडीहून परत आली, घरं भरली. तेव्हाच एके सकाळी सुप्रियाताईंना फोनवर बोलताना मी ऐकलं. "कोंडगव्हाणचा तांडा ना? तो टोकाला आहे. त्याचा वॉल पूर्ण उघडा. चौदाच्या चौदा आटे. शेवटच्या घराला आधी पाणी पोचलं पाहिजे."

माझं अवसान गळालं. बाईच्या मनात केवढी माया! आणि त्या मायेनंच तांड्याचा गळा आवळला. माणसांनी वॉल डावीकडे फिरवला, पार शेवटपर्यंत, आणि तो घट्ट मिटला. वर झाकण घालून कुलूप लावलं. कॉम्प्युटरवर नोंद केली, पूर्ण उघडा.

मजा बघा. इतकी वर्षं दौलतराव चोरून जायचा आणि तांडा पाणी प्यायचा. आता कुलूप लागलं, चोरी बंद झाली आणि तांडा कोरडा पडला.

तिसऱ्या दिवशी काउंटरवर ओळखीचा आवाज आला. कमलीबाई! "साहेब, आमच्या नळाले पानी नाई."

"मावशी, तुमचा वॉल पूर्ण उघडा दिसतो."

"कुठी दिसते?"

"इथं. स्क्रीनवर."

"मंग इथूनच भरून द्या ना मले गुंडभर!"

लोक हसले. गुंड म्हणजे आमच्याकडे पाण्याचा हंडा. कारकुनानं तक्रार लिहून घेतली. दोन माणसं जाऊन आली, त्यांनी झाकण उघडलं, वॉल डावीकडे घट्ट आहे बघितलं आणि लिहिलं, वॉल उघडा, पाइप तपासणे. आता पाइप तपासायचा म्हणजे खोदायचा, खोदायचा म्हणजे पुढची मंजुरी. सगळे आपापलं काम चोख करत होते हो. कोणी हरामखोर नव्हतं, हेच तर सगळ्यात वाईट होतं. भांडायचं कोणाशी?

सातव्या दिवशी कमलीबाई परत आली. या वेळी रिकामा गुंडच घेऊन आली आणि टेबलावर उपडा घातला. म्हणाली, "माह्यी सून चंदा सात महिन्याची गरवार हाय. मले खाली उतरता येत नाई, म्हून थे झिऱ्यावर जाते. दगडं कसे हायेत मले माईत हाय. माह्या गुडघ्याले इचारा."

मी पोत्यात तडफडत होते. उजवीकडे! अरे, उजवीकडे फिरवा! एवढे दोन शब्द. एकदा तर उंदरानं पोतं हलवलं आणि मी मीटरवर आपटून वाजले. कारकून म्हणाला, "उंदरं लय झाले." झालं, एवढीच माझी भाषणबाजी.

अकराव्या दिवशी सकाळी काउंटरवर गडबड ऐकू आली. पोत्याच्या भोकातून, खिडकीच्या जाळीतून बघितलं. कमलीबाई होती, तिच्यासोबत चंदा, कोपराला पट्टी, गालावर खरचटलेलं. आदल्या दिवशी ती झिऱ्यात घसरली होती. बोरीची मुळी हातात आली म्हणून वाचली. डॉक्टरांनी बाळ ठीक आहे सांगितलं होतं, तरी पोरगी पोटावर हात धरून उभी होती. आणि या दोघींच्या मागे माझा देवमन! कमलीबाईनं जीपवाल्याकडून किन्हीराजाला निरोप धाडला होता. निरोप मिळाला तसा तो उठून आला होता, दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला.

सुप्रियाताई आतून बाहेर आल्या. चंदाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "मी स्वतः वॉल उघडायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पूर्ण उघडा आहे तो."

देवमन पुढे झाला. "मॅडम, जरा बाजूले या. एक गोष्ट सांगाची हाय."

आणि तेवढ्यात त्याची नजर रांगेत गेली. नव्या नळाचा अर्ज हातात घेऊन दौलतराव उभा होता. देवमनचं तोंड मिटलं. मला तर ब्रह्मांड आठवलं. आता पुन्हा काई नाई म्हणतोय की काय हा म्हातारा!

"बाजूले कायले?" कमलीबाई कडाडली. "माह्यी सून पडली, हे साऱ्या दुनियेनं पायलं. तुमी काय सांगाचं थे साऱ्याइच्या पुढं सांगा, देवमनभाऊ. तुमाले माईत होतं काय काही?"

देवमननं चंदाच्या पट्टीकडे बघितलं. मग खाली बघत, एका दमात सांगून टाकलं. वॉल उलट्या आट्याचा आहे. उजवीकडे उघडतो. ठेकेदारानं तसाच बसवला. आणि इतकी वर्षं आपण का बोललो नाही, तेही. दौलतरावाचं नाव त्यानं घेतलं नाही. पण 'भर दुपारी', 'पान्हा' आणि 'उपरण्यात' एवढं म्हटल्यावर नाव घ्यायला उरतं काय?

सगळ्यांच्या माना दौलतरावाकडे. त्यानं बोटांवर हिशेब केला बहुतेक.

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "मी इतके साल तांड्याले पानी पाजून राह्यलो होतो?"

"हो ना भाऊ," कमलीबाई म्हणाली. "लय पुन्य लागलं तुमाले."

हसावं की रडावं, कोणाला कळेना. दौलतरावानं अर्ज चार घड्या करून खिशात घातला. "माह्यी कोथिंबीर वाळे ना बाई," एवढंच पुटपुटला. मग चंदाकडे बघून म्हणाला, "पोरी, माह्यं चुकलं."

देवमन त्याच्याकडे वळला. "दौलतराव, तुह्यं कसं चुकलं? तू तं पानी देलं. पोर पडली थे माह्याच्यानं. सभेत तोंड उघडलं असतं तं पडली नसती."

सुप्रियाताई देवमनजवळ आल्या. "काका, तुम्ही मला एकटीला तरी सांगायचं."

"तुमी कागद इचारला, मॅडम. मले इचारलंच नाई."

ताईंना ते झोंबलं. पण बाई खरी. म्हणाल्या, "हो. मी यादी वाचून दाखवली आणि निघाले. तुमच्यासोबत एकदा वॉलपर्यंत चालत जायला हवं होतं." मग कारकुनाला म्हणाल्या, "यांची चावी काढा."

पोत्याचं तोंड सुटलं आणि देवमनचा हात आत आला. न बघता त्यानं बरोबर माझीच मूठ धरली. काय सांगू!

सगळे जीपमध्ये कोंबून कोंडगव्हाणला आलो. दौलतरावही आला. कुलूप निघालं, मी वॉलच्या डोक्यावर बसले. अकरा दिवसांत तो अडकून बसला होता. देवमनला एकट्याला हलेना. ताईंनी दुसऱ्या बाजूनं मूठ धरली. तरी नाही. मग दौलतराव पुढे आला, म्हणाला, "सरका. उजवीकळे कसा पिळाचा थे मले ठाऊक हाय."

तिघांनी मिळून मला फिरवलं. एक, दोन, तीन. नऊ आटे झाल्यावर देवमन म्हणाला, "बस." वीस मिनिटांनी टेकाडावरून बायांचा कालवा ऐकू आला आणि मग बादल्यांचा आवाज.

देवमन मातीत बसला. "मॅडम, पानी तं चाललं. पन आता साऱ्याइले माईत झालं. उद्या कोनीही बंद करन. मंग?"

आठवड्याभरात ताई त्याचं उत्तर घेऊन स्वतः आल्या. उलटा वॉल काढून सरळ बसवला. टाकीला मोठा पंप दिला आणि वेळ बांधली. सकाळी सहा ते सात फक्त तांडा, नंतर गाव. ती वेळ दोन पाट्यांवर रंगवली, एक पारावर आणि एक तांड्याच्या टाक्यावर. गावच्या पाणी समितीत कमलीबाईचं नाव घातलं. आणि देवमनला सोबत घेऊन तेवीसच्या तेवीस गावं पायी फिरल्या. प्रत्येक वॉलमनला एकच सांगायच्या, "मला कागद नका सांगू, हात लावून दाखवा." आणखी दोन गावांत उलटे वॉल निघाले म्हणे.

कमलीबाईला पाटीचं फारसं कौतुक वाटलं नव्हतं. "लिवल्यानं पानी येते काय, बाई?"

"नाही येत," ताई म्हणाल्या. "पण नाही आलं तर भांडता येतं. देवमनकाकांशी तुम्ही भांडला असता का?"

"थ्याइच्याशी कशी भांडन? थे तं मर्जीनं देत होते."

"तेच म्हणते मी."

मी ऐकत होते. आधी मला राग आला. आमच्या नऊ आट्यांना बाई नावं ठेवते! मग पोत्यात पडून ऐकलेले ते अकरा दिवस आठवले आणि राग विरघळला. देवमन चांगला होता म्हणून तांड्याला पाणी होतं. तो रुसून लेकीकडे गेला आणि पाणी गेलं. एवढ्या घरांचं पाणी एका म्हाताऱ्याच्या रुसण्यावर असावं, हे काही बरोबर नाही हो. माझा मालक आहे तो, तरी म्हणते.

नव्या वॉलला माझं तोंड बसत नाही, तो निगमचा माणूस आपल्या चावीनं फिरवतो. निगमच्या यादीत मी 'निकामी'. भंगारात जायचे, पण कमलीबाईनं मला मागून घेतलं. तांड्याच्या टाक्याजवळच्या लिंबाला साखळीनं टांगलं. सहाला नळ आला की ती दगडानं माझ्यावर ठोका देते. टण! की घराघरातून गुंड निघतात. जन्मभर गप्प होते, म्हातारपणी मला आवाज फुटला.

आता आजचं सांगते. दिवाळी झाली, माणसं पुन्हा ऊसतोडीला गेली. तांड्यात नऊ घरं उरलीत. चंदा इथंच आहे, तिची लेक आता पाच महिन्यांची. परवा सुप्रियाताईंची बदली झाली. आजपासून नवे साहेब. आणि काल पारावर कोणीतरी म्हणालं, तांडा रिकामा आहे तोवर तो एक तास गावाला द्या. दौलतराव नव्हे, त्यानं उलट भांडण केलं. पण म्हणणारं कोणीतरी असतंच. देवमन आता वॉलवर नाही, ताई नाहीत. नुसती पाटी उरली आहे. पाटीला पाणी देता येतं का, ते आज कळेल.

सहा वाजले.

कमलीबाई दगड हातात घेऊन उभी आहे. चंदा लेकीला कडेवर घेऊन नळाकडे बघतेय. एक मिनिट. दोन. चंदाची नजर हळूच झिऱ्याच्या वाटेकडे गेली. बघू नकोस गं तिकडे!

एक विनवणी करून ठेवते. मोठमोठ्या याद्यांत आमचा तांडा एक आकडा असेल, असू दे. पण लिहिण्याआधी हात लावून बघणाऱ्याला विचारा. आणि ज्या सकाळी लिंबावरून माझा आवाज आला नाही, त्या सकाळी स्क्रीनकडे बघत बसू नका. या.

चार मिनिटं झाली. "आलं नाई तं मी चालली मानोऱ्याले," कमलीबाई म्हणतेय. "पाटी उपटून टेबलावर ठेवते थ्या साहेबाच्या."

थांबा. नळ खोकला. पुन्हा खोकला. हवा येतेय, हवेमागून...

बाळ खिदळलं. सोडा आता मला, कमलीबाईनं दगड उचलला.